धोंड्यातली लागण

त्या दिवशी अंगणात आमी इतकी माणसं हुतो. मी, तुझी आक्का. तू, भाकरी खात बसल्याला. तुझी मंगल, उंबऱ्यात तांदूळ निवडत. माझा जावय तानाजी, उंब्रजवरनं सायकलीनं आल्याला. आन् कारखान्याचा चिटबॉय बापू, शेताशेतानं फिरून उसाच्या नोंदी घेणारा. नावाला बॉय, मिशा सगळ्या पिकल्याल्या. त्यातला एकटा तू आता न्हाईस. बाकीची हायती. नावं आधी सांगितली ती एवढ्यासाठी, की उद्या कुणी म्हणाय नको, म्हातारी मनचं सांगती.

सुबाष, तुझं तेरावं झालं. मलकापुरात तू कॉम्प्युटरचा वर्ग काढला हुतास न्हवं, तितली पोरं-पोरी आल्ती. सरांच्या नावानं पुस्तक काढणार हायती. मला म्हणली, आक्का, तुमी बी सांगा. मला सही येती, तेवढीच. म्हणून मी सांगती आन् पद्मा लिवती. ती सांगलीकडची, जैनाची पोर. तुझ्याकडंच शिकली, आता तितंच शिकवती. तिला म्हणलं, मी बोलती तसंच लिव, शाळेतल्यागत करू नगं.

तू कुटं शिकलास, कुटं नोकरी केलीस, ते ही पोरं लिवणारच हायती. मी ते सांगत न्हाई. माझं तुझ्याशी एक भांडण राहिलंय, ते सांगती.

आई गेली तवा तू माझ्या कडंवर हुतास. मी तुला घिऊन सासरी आली. सासू म्हणायची, "सून आणली तर संगं भाऊ फुकाट आला." मी ऐकून घ्यायची. मग आमचं मालक बी गेलं. इंजिनाचा पट्टा लागला त्यास्नी, हिरीवर. पदरात एक पोरगी, एक तू आन् हिरीखालचं ते रान. रडून कुणाचं पोट भरलंय? दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, तुला बांधावर बसवून. तू ढेकळं घिऊन वळी लावायचास. बारकी एका वळीत, मोठी एका वळीत. कुणी एक हालवलं तरी तुला कळायचं. मी म्हणायची, ह्ये पोरगं वाण्याच्या दुकानात लागंल.

वाण्याच्या दुकानात न्हाई लागलास. सांगलीला शिकलास, पुण्यात कंपनीत राहिलास, आन् मग कारखान्यानं बोलवलं म्हणून माघारी आलास. पयलं कॉम्प्युटरचं मशिन आलं तवा टेंपूत गाद्या घालून आणलं हुतं, नव्या नवरीला आणत्यात तसं. त्या खोलीत गारवा सोडल्याला. दारात चपला काढायच्या. गावातली माणसं बघायला यायची आन् हात जोडून जायची. मी बी आली हुती. तू मला खुर्चीत बसवलंस आन् म्हणलास, "आक्का, हात लाव. चावत न्हाई." मी न्हाई लावला. माझ्या हाताला शेणाचा वास हुता.

खंडेनवमीला सगळ्यांनी त्येची पूजा केली. आमच्यात नांगराची करत्यात, कोयत्याची करत्यात, मग ह्येची का न्हाई? शेती ऑफिसातल्या एकानं नारळ फोडला तो थेट त्या बटणांच्या पाटीवर. पाणी सगळं आत. तू दोन दिस ती पाटी उलटी करून उनात वाळवत बसला हुतास. रागावला न्हाईस. म्हणलास, "चूक त्येची न्हाई. नारळ कुटं फोडायचा ते मीच सांगाय पायजे हुतं." ही तुझी सवय. दुसऱ्याची चूक झाली की आधी आपल्यात बघायचास.

आन् तुझं ते भोपळं! पद्मा, ह्ये बी लिव. एवढा शिकल्याला माणूस, आन् रविवार आला की माझ्या बांधावर भोपळं लावायचा. खायचं न्हवं, कडू. मिरजंला तंबोरं करत्यात त्येला लागत्यात तसलं. एक जुनी सतार बी घिऊन आलता मिरजंतनं. वाजवायला लागला की मांजर पाटीखाली आडकल्यागत वाटायचं. मंगल कानाला पदर लावायची. मग ह्येच्या डोक्यात आलं, वाजवता येत न्हाई तर न्हाई, भोपळा तरी आपला आसावा. दरसाल एक-दोन पोसायचा, वाळवायचा, आन् पोत्यात घालून मिरजंला न्यायचा. तितला कारागीर टिचकी मारून बघायचा आन् म्हणायचा, "साहेब, ह्येची परडी करा." तू हासत माघारी यायचास. म्हणायचास, "आवंदा बी नापास."

आता भांडणाचं.

तू यायच्या आधी ऊसतोडीची पाळी कशी लागायची, ते सगळ्या तालुक्याला ठावं हाय. ज्येच्या घरी कारखान्याचा साहेब जेवला त्येचा ऊस आधी. माझ्यासारखीचा ऊस तुरं येऊन वाळायचा, तवा तोडणीची टोळी यायची. तू मशिनीत सगळ्यांच्या लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखा घातल्यास. ज्येची लागण आधी त्येची तोड आधी. लांबच्या लांब कागद निघायचा, दोन्ही कडंला भोकं असल्याला, आन् गट ऑफिसच्या भिताडावर लावायचा. माणसं बोट लावून आपलं नाव हुडकायची. पयल्या साली तर एक पुढारी माणूस कागदापाशी उभा राहून म्हणला, "मी एवढा खाली?" आन् मागनं कोण तरी बोललं, "मशिनीला तुमची वळख न्हाई, आबा." त्या दिशी मला तुझा लय अभिमान वाटला. तोंडावर बोलली न्हाई. आमच्यात तशी रीत न्हाई.

आन् मग त्या सालच्या कागदात मीच खाली गेली.

म्हणून त्या दिशी तू जेवाय बसलास तवा मी इचारलं, "माझी पाळी कुटं हाय रं?"

"यादीत आसंल तितं."

"यादीत मी वस्तीवरच्या नानाच्या मागं हाय. नानाची लागण माझ्या मागनं म्हयन्यानं झालीया. त्येचं बेणं माझ्या डोळ्यादेखत आलं."

"आक्का, मशिन तारीख बघतं. तोंड बघत न्हाई."

"मग त्येला तारीख सांगितली कुणी? लागण करताना ते माझ्या बांधावर हुतं व्हय?"

तू घास खाली ठेवलास. बापू वाटंनं चाललाच हुता, त्येला हाक मारलीस. तो येऊन पायरीवर बसला, आन् टोपी काढून वारा घेत म्हणला, "मावशे, काय सांगितलं हुतंस ते आठवून बघ."

"धोंड्यात लागण केली म्हणून सांगितलं हुतं."

"ऐका!" बापू तुझ्याकडं बघून हासला. "साहेब, धोंड्यात कोण लागण करतं व्हय? अधिकाचा म्हयना. मी म्हणलं, म्हातारी इसरली. धोंडा संपल्यावर खरा आषाढ लागला, त्यातली तारीख घातली."

तानाजी बसल्या जागंवरनं वराडला. "बापूराव, म्हातारी इसरली न्हाई! धोंड्याला जावयाला बोलवत्यात म्हणून मी आल्तो. अनारसं खाल्लं. आन् दुसऱ्या दिशी ह्या सासूनं मला सरीत उभं केलं. ह्याच पायानं कांड्या दाबल्या. जावयाला वाण द्यायच्या म्हयन्यात राबवून घेतलं, हे मी जलमात इसरीन व्हय?"

सगळी हासली. मंगलचं तांदूळ सांडलं. तू न्हाई हासलास. बापूला म्हणलास, "असं आणि कुणाकुणाचं केलंस?"

बापूनं मान खाजवली. "ज्येनी धोंडा सांगितला त्येंचं."

"कुणी कुणी सांगितला?"

"बायांनीच की. गडीमाणसं धोंड्यात कशाला लावत्यात?"

तवा तुझं तोंड उतरल्यालं मी बघितलं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगती. धोंड्यात नवं काम काढू नये म्हणत्यात. म्हणून ज्येच्या घरी औत हाय, गडी हाय, तो थांबतो. त्या म्हयन्यात बैल रिकामं आसत्यात, माणूस मिळतं. ज्या बाईच्या घरात पुरुष न्हाई तिला तवाच बैल मिळत्यात. देवाला काय म्हणायचं ते म्हणू दे, तिला लागण उरकायची आसती. म्हणजे धोंड्यात लागण केल्याल्या बहुतेक सगळ्या एकल्या बायाच. आन् सगळ्या एकदम मागं गेल्या. तुझ्या मशिनीनं तोंड बघितलं न्हाई, खरं हाय. पण मशिनीला सांगणाऱ्यानं बघितलं हुतं.

मी म्हणलं, "आता कळलं न्हवं? मग बदल."

"बदलतो. पण घरोघर जाऊन, शेजाऱ्याला साक्षीला घिऊन, एकेकीचं बदलतो. आन् तुझं सगळ्यात शेवटी."

"का?"

"भाऊ मशिनीवर बसलाय आन् भणीचा ऊस वर सरकला, असं एक जरी माणूस बोललं तर त्या कागदावर कोण इश्वास ठेवंल? पुन्यांदा साहेबाच्या जेवणावर पाळी लागंल."

"माझं खरं हाय का खोटं?"

"खरं हाय, आक्का."

"मग?"

तू ताट सारलंस. हात धुतलास आन् स्कूटरला किक मारलीस. ताटात अर्धी भाकरी तशीच. मंगल मला म्हणली, "आक्का, ते बदलतील हो." मी म्हणलं, "तू तांदूळ येच."

तू फिरलास, हे मी नाकारत न्हाई. कॅलेंडर पिशवीत घालून वस्त्या-वस्त्या केल्यास. बाया तारीख सांगत न्हाईत, त्या सांगत्यात, म्हस व्याली त्या आठवड्यात, न्हाईतर पोरगी न्हाऊन गेली त्येच्या दुसऱ्या दिशी. तू बसून ऐकून घेतलंस. जुळवलंस. एकेकीचं नाव वर सरकलं. एकेकीच्या फडात टोळी आली. बाया माझ्या दारात येऊन म्हणायच्या, "तुझ्या भावानं चांगलं केलं गं." मी त्यास्नी चा द्यायची.

माझ्या उसाला तवर पांढरं तुरं आलं हुतं. लांबनं लय सोभून दिसायचं.

माझा नंबर लागला शिमगा झाल्यावर. ऊन असं, की टोळीतल्या बायांनी पोरं माझ्या घरात आणून निजवली. मुकादमानं एक ऊस मोडून बघितला आन् म्हणला, "मावशे, आतनं पोकळ हाय की. ऊस हाय का चिपाड?" वाडं, शेंड्याकडचा हिरवा पाला, एवढं वाळल्यालं की म्हशीनं तोंड फिरवलं. तोडल्याल्या बुडक्यांवर फुटतो तो खोडवा बी धरला न्हाई, पाणी सरलं हुतं. म्होरच्या साली मी पुन्यांदा दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. ह्या वयात. मंगलकडनं तू जोंधळ्याचं पोतं पाठवलंस, मी माघारी लावलं.

मग मी तुझ्याशी बोलली न्हाई. भांडली बी न्हाई. रविवारी तू यायचास, मी ताट वाढायची. तू इचारायचास, "आक्का, भोपळ्याला पाणी घातलंस का?" मी म्हणायची, "घातलं." झालं. आठवड्याचं बोलणं सपलं. पण पाणी मी एक दिस चुकवलं न्हाई, एवढं ध्यानात घे.

आवंदा उन्हाळ्यात तू असाच आलास, डोळं तांबारल्यालं. मंगल म्हणली, झोपत न्हाईत, कारखान्यात बसून आसत्यात. मी न ऱ्हावून इचारलं, काय झालं? तू म्हणलास, "आक्का, दोन हजार साल येतंय. जुन्या मशिनी सालातलं शेवटचं दोनच आकडं लिवून घेत्यात. दोन शून्यं आली की त्यास्नी वाटंल शंभर वर्सं मागं गेलो. सगळ्या तारखा तपासाय लागत्यात."

मला हासू आलं. लय दिसांनी आलं. मी म्हणलं, "म्हणजे तुझ्या मशिनीला बी साल कळत न्हाई? मग बापूला कशाला बोलत हुतास?" तू बी हासलास. डोळ्यातनं पाणी यीस्तवर हासलास. त्या दिशी आपुन लय बोललो. पुण्याच्या कंपन्या ह्या कामाला बोलवत्यात, तू गेला न्हाईस, हे बी सांगितलंस. "हितल्या तारखा कोण बघंल?" म्हणलास. उसाचं मातर तू काढलं न्हाईस. मी बी काढलं न्हाई. वाटलं, बोलणं सुरू झालंय, बसंल कवा तरी.

आन् मग छातीत कळ आली. मिरजंला नेलं. दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसली हुती. नळ्या लावल्याल्या. तू डोळं उघडून इचारलंस, "भाकरी खाल्लीस?" मी म्हणलं, "खाल्ली." खाल्ली नव्हती. मला तवा म्हणायचं हुतं, सुबाष, ऊस गेला तर गेला. तोंडात आलं हुतं. पण खरं सांगू? तवा बी ते पुरतं खरं नव्हतं. आन् तुझ्याशी मी कधी खोटं बोलली न्हाई, भाकरीचं सोडून.

माझं म्हणणं एवढंच हुतं, जे मी तुला कवा बोलली न्हाई. भण हाय म्हणून वर घेऊ नगंस, ते मला पटलं. त्याच दिशी पटलं. पण भण हाय म्हणून खाली का घातलंस? बाकीच्या बायांच्या संगं, जितं माझी तारीख बसती तितं का बसवलं न्हाईस? मशिनीला वळख न्हाई म्हणतोस, मग माझी वळख कुटनं आली? हे इचारायचं हुतं. तू गेलास, आन् इचारायचं तसंच राहिलं.

तेराव्याला पोरं बसली हुती तुझ्याबद्दल बोलत. एकजण म्हणला, सर सांगायचे, दर थोड्या वेळानं सेव्ह करा, लाईट सांगून जात न्हाई. दुसरा म्हणला, मशिन चुकलं असं म्हणायचं न्हाई, आपुन काय घातलं ते आधी बघायचं. कुणी म्हणलं, एक नक्कल दुसऱ्याच्या घरी ठेवा, आपल्या घराला आग लागली तर? एकीनं सांगितलं, इंग्रजी येत न्हाई म्हणून रडत हुती, सर म्हणले, मला बी येत नव्हतं, पडद्यावरची ओळ तीनदा वाच, मग हाक मार, दर बारीला तिसऱ्यांदा वाचताना कळायचं. मी ऐकत हुती. असं तू माझ्याशी कवा बोलला न्हाईस. मला बरं वाटलं, आन् वाईट बी वाटलं.

मग पद्मानं सांगितलं. नवी पोरं आली की पयल्या दिशी तू मशिनीला हात लावू देत नव्हतास. आधी एक गोष्ट सांगायचास. एक बाई हुती, तिनं धोंड्यात लागण केली. सगळी गोष्ट, तानाजीच्या अनारश्यासकट. आन् मग म्हणायचास, घरी जावा, आईला न्हाईतर आजीला इचारा, तुझा जलम कवा झाला. ती कसं सांगती ते नीट ऐका, आन् तिच्यासमोर बसून तारीख काढा. ती काढून आणा, मग मशिन. दर बारीला हेच.

मी पद्माला इचारलं, "ती बाई कोण, ते सांगायचा का?"

"सांगायचे. माझी आक्का, म्हणायचे."

"आन् पोरं काय म्हणायची?"

पद्मा खाली बघाय लागली. म्हणली, "एकदा मीच इचारलं हुतं. सर, मग आक्कांचं नाव शेवटी का घातलं? बरोबर तारखेला का न्हाई?"

माझा हात थांबला. मी लसूण सोलत हुती.

"मग?"

"सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणले, न्याय म्हणून न्हाई गं घातलं. भ्यालो म्हणून घातलं."

एवढंच म्हणलास. सगळ्या पोरांच्या म्होरं म्हणलास. माझ्या अंगणात येऊन मला न्हाई म्हणलास.

आरं, मला म्हणला आसतास तर काय झालं आसतं? भ्यायला मला येत न्हाई व्हय? सासूला भ्याली, रातच्या पाण्याला जाताना भ्याली, तुला सांगलीला पाठवताना लय भ्याली. भ्यालास म्हणून मी तुला टाकला नसता. मी समजत हुती, तू मला तराजूत घातलंस आन् मी हलकी भरली. एवढी सालं मी त्येच्यावर बसून हुती. एका शब्दाचं काम हुतं, सुबाष. तुझ्यापाशी तो हुता बी.

मी रागात न्हाई. राग हुता, तो गेला का न्हाई मला ठावं न्हाई. सकाळी उठती, रान बघती. तुझ्या नावानं लोकं हात जोडत्यात, तवा मान खाली घालती. तू ह्या गावाला एक नीट वळ लावून दिलीस. एक ढेकूळ हाललं तर तुला कळायचं. आता कुणाला कळणार, एवढाच घोर हाय.

कारण आवंदा बी धोंडा येऊन गेला. पयला पाऊस बरा झाला आन् मोकळं बैल मिळालं म्हणून चार बायांनी त्यातच लागण उरकलीया, मला ठावं हाय. तुझ्या खुर्चीवर आता कोण बसलंय मी बघितलं न्हाई. शिकल्यालंच आसंल. बापू म्हातारा झाला, नोंदी घ्यायला नवी माणसं हायती, त्यास्नी घाई आसती.

म्हणून ज्येच्या हातात हे पुस्तक पडंल त्येला माझं एवढंच सांगणं हाय. तुमच्या गटात ज्या बाईच्या घरी पुरुषमाणूस न्हाई, तिच्या दारात एकदा जावा. लागण कवा केली ते इचारा. ती धोंड्यात म्हणली तर हासू नगा. तिच्या म्होरं बसून तारीख लिवा, तिला वाचून दाखवा, आन् मगच उठा.